प्रोसेसर-नियोजन (समांतर संगणकांतील)

समांतर संगणकात कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर, केव्हा व किती वेळ चालवायचे हे ठरवण्याची पद्धत. यंत्राचा कागदावरचा वेग आणि प्रत्यक्ष हाती पडणारा वेग यांतली तफावत बरीचशी इथेच ठरते.

नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्राच्या (स्थापना १९८८) कामात हा प्रश्न अटळ आहे. केंद्राच्या पहिल्या क्रे एक्स-एमपी/१४ यंत्रात प्रोसेसर एकच होता. २०१८ मधील ‘मिहिर’ या महासंगणकाची क्षमता २.८ पेटाफ्लॉप्स, तर २०२४ मधील ‘अरुणिका’ची ८.२४ पेटाफ्लॉप्स. हवामानाच्या प्रारूपात वातावरणाचे तुकडे पाडून ते प्रोसेसरांना वाटले जातात. सूर्यकिरणांचे गणित मात्र जिथे दिवस आहे तिथेच करावे लागते. दिवसाकडचे प्रोसेसर राबत असताना रात्रीकडचे थांबून राहतात, कारण सर्वांची उत्तरे आल्याखेरीज पुढची कालपायरी सुरू होत नाही. म्हणून प्रत्येकाला दोन्हीकडचे तुकडे मिसळून देणे हिताचे.

सतत माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या प्रक्रिया एकाच वेळी चालवाव्या लागतात (गट-नियोजन). एक मागे राहिली की बाकीच्या खोळंबतात. मोठ्या कामासाठी पुरेसे प्रोसेसर मोकळे होईपर्यंत छोटी कामे उरकून घेण्याला बॅकफिलिंग म्हणतात. वापरकर्त्याने लागणारा वेळ फुगवून सांगितला, की काम त्या मधल्या वेळात बसणारे दिसत नाही आणि ही संधी वाया जाऊ शकते.

हवामानाचा अंदाज उशिरा आला तर निरुपयोगी ठरतो. त्यासाठी प्रोसेसर राखून ठेवणे, प्रसंगी काही रिकामे राहिले तरी, योग्यच होय.