दारूमुक्तीच्या सभेला जाताना

बारामती-इंदापूर परिसरात दारू सोडू इच्छिणाऱ्यांना सर्वांत मोठी धास्ती वाटते ती ओळखीच्या नजरांची. तालुक्याच्या गावी कोणी ना कोणी पाहणारच! ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ या संघटनेने नेमका यावरच अनामिकतेचा उपाय योजला आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली ही चळवळ १९५७ मध्ये मुंबईत रुजली.

सभेत आडनाव सांगावे लागत नाही. शुल्क नाही, दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. बोलण्याची सक्ती नसते, नुसते ऐकले तरी चालते. ‘खुल्या’ सभेला कुटुंबीयांनाही बसता येते. त्यांच्यासाठी ‘अल-ॲनॉन’ हे स्वतंत्र गटही आहेत. आपल्या गावात संकोच वाटल्यास शेजारच्या तालुक्यातील सभा निवडावी. वार, वेळ आणि ठिकाण यांची आधी खात्री करावी. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा पुण्यातील ‘मुक्तांगण’ या १९८६ पासूनच्या केंद्राकडे मार्गदर्शन मिळू शकते.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये. झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास उद्भवू शकतात. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मध्येच पाय घसरला, तरी सभेची दारे बंद होत नाहीत; पुन्हा जावे.