अब्दागिरी: दरबारातून दिंडीत

पुण्यातला मुक्काम हलवून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला येतात, विसावा घेतात आणि गाडीतळाशी वाटा वेगळ्या होतात. माउली सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे वळतात, तुकोबाराय सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर गाठतात. दर्शनाला लोटलेल्या गर्दीची नजर पादुकांवर असते. त्याच गर्दीत माणसांच्या डोक्यांवरून लांब काठीवरचं एक पातं पुढे सरकत असतं: पिंपळपानाच्या आकाराचं, मखमलीचं, जरीने भरलेलं. ती अब्दागिरी.

हा शब्द फारसी ‘आफताबगीर’वरून आला. आफताब म्हणजे सूर्य; त्याचं ऊन अडवणारी ती आफताबगीर. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त राजचिन्हांबरोबर तिचं वर्णन केलं आहे: लंबगोल आकार, जरीचं कापड, वर जडवलेली रत्नं, आणि बादशहाला ऊन लागू नये म्हणून ती धरणारा सेवक.

मराठेशाहीत अब्दागिरी हा मान झाला. पालखी, नौबत, अब्दागिरी हे सरकारातून मिळायचं. हौस म्हणून कुणी उचलून मिरवायचं नव्हे.

ज्या हडपसरातून आज वारी जाते, तिथेच 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. 1818 मध्ये पेशवाईच बुडाली. पुण्यात मान देणारा दरबारच उरला नाही.

पण मानाची रीत उरली, आणि ती वारीत आली. याचं मोठं श्रेय हैबतबाबा आरफळकरांना द्यायला हवं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. दरबाराची शिस्त त्यांनी जवळून पाहिली होती. पूर्वी ज्ञानोबांच्या पादुका तुकोबांच्या पालखीबरोबरच पंढरीला जात. 1830च्या दशकात हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. पुढे नगारखाना, मग अश्व, रथापुढे सत्तावीस दिंड्या, हाती दंड घेतलेले चोपदार: ही सगळी लष्करी आणि दरबारी मांडणी आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढीच टाळ वाजवत राहते; मग तिचं गाऱ्हाणं ऐकलं जातं. राजाच्या दरबारात फिर्याद मांडावी तशी.

म्हणून अब्दागिरीला नुसती शोभा समजणं अपुरं आहे. ज्यांना हयातीत वाळीत टाकलं गेलं, त्या आळंदीच्या भावंडांपैकी एकाला लोकांनी राजाचा मान दिला, हा तिचा खरा अर्थ. माउलींच्या अश्वावर आजही स्वार बसत नाही; ती जागा माउलींची. जरीपटका घेतलेला स्वार दुसऱ्या अश्वावर असतो.

गावोगावच्या देवळांत जुन्या अब्दागिऱ्या अजून आहेत. जत्रेपुरत्या त्या बाहेर निघतात आणि एरवी कोपऱ्यात कसर लागून पडून राहतात. विश्वस्तांनी जुनं कापड काढून नवं चढवण्याआधी त्याचा फोटो काढावा. ते कुणी वाहिलं, जरीकाम कुणी केलं, हे सांगणारी म्हातारी माणसं गावात आहेत तोवर लिहून ठेवावं.