डोक्याला बसणारे मार आणि डेव्ह ड्युअरसन यांची शेवटची विनंती

"डोक्याला लागलं, पण शुद्ध हरपली नाही ना? मग काही काळजी नाही," असं आपण सर्रास म्हणतो. हा समज किती अपुरा आहे हे वैद्यकशास्त्राला ज्यांच्यामुळे कळलं, त्यांत अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंचा वाटा मोठा आहे. आज त्यांच्यापैकी एकाची, डेव्ह ड्युअरसन यांची माहिती घेऊ.

खेळाडू कसा होता?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचा संघ पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडतो. बचाव करणाऱ्या संघात सर्वांत मागे उभा असतो तो 'सेफ्टी'. बाकीची फळी चुकवून आलेल्या खेळाडूला यानेच अडवायचं. लांबून वेगात धावत यायचं आणि धडक द्यायची, हेच त्याचं काम.

ड्युअरसन हे सेफ्टी होते. १९६० साली इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी त्यांचा जन्म झाला. नोत्र दाम विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवली आणि १९८३ मध्ये ते 'शिकागो बेअर्स' या व्यावसायिक संघात आले. १९८५ च्या मोसमात या संघाने साखळीतले १६ पैकी १५ सामने जिंकले आणि जानेवारी १९८६ मध्ये 'सुपर बोल' हा अंतिम सामना ४६-१० असा जिंकला. त्या संघाचा बचाव आजही या खेळातल्या सर्वोत्तम बचावांमध्ये गणला जातो. पुढे 'न्यूयॉर्क जायंट्स'कडून त्यांनी दुसरा सुपर बोल जिंकला. निवडक खेळाडूंच्या 'प्रो बोल' सामन्यासाठी ते ओळीने चार वर्षं निवडले गेले. समाजकार्यासाठी दिला जाणारा 'मॅन ऑफ द इयर' हा एनएफएल संघटनेचा सन्मानही त्यांना मिळाला. अकरा मोसम खेळून १९९३ नंतर ते निवृत्त झाले.

नंतर काय झालं?

निवृत्तीनंतर त्यांनी खाद्यपदार्थांच्या व्यवसायात चांगलं नाव कमावलं. नोत्र दामच्या विश्वस्त मंडळावरही ते गेले. पण काही वर्षांनी धंदा बुडाला, संसार मोडला, पत्नीशी झालेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर विश्वस्तपदही सोडावं लागलं. शेवटच्या काळात डोकेदुखी, अंधुक दिसणं आणि विसराळूपणा वाढला होता, असं त्यांच्या जवळच्यांनी नंतर सांगितलं.

२००६ पासून ड्युअरसन आणखी एक काम करत होते. माजी खेळाडूंच्या अपंगत्व भरपाईचे अर्ज मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या सहा जणांच्या मंडळावर ते खेळाडूंच्या संघटनेतर्फे सदस्य होते. मेंदूच्या आजारांनी त्रासलेल्या जुन्या सहकाऱ्यांची कागदपत्रं त्यांच्यासमोर येत. २००७ साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बोलताना खेळ आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाबद्दल त्यांनी शंकाच व्यक्त केली होती. आपल्या वडिलांना अल्झायमर आहे आणि ते तर कधी व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

१७ फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी फ्लोरिडातल्या घरी आयुष्य संपवलं. जाण्यापूर्वी त्यांनी घरच्यांना निरोप ठेवला होता, की माझा मेंदू संशोधनासाठी द्या. मेंदू शाबूत राहील याचीही त्यांनी काळजी घेतली होती. जो संबंध त्यांनी जाहीरपणे मान्य केला नव्हता, तो आता त्यांच्या स्वतःच्या मेंदूत तपासला जाणार होता. बोस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मॅकी यांनी तो तपासला आणि मे २०११ मध्ये निदान जाहीर झालं : सीटीई.

सीटीई म्हणजे काय?

पूर्ण नाव 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी', म्हणजे वारंवार बसलेल्या माराने मेंदूची हळूहळू होणारी झीज. आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं वेगात असताना एकदम थांबलं किंवा गर्रकन वळलं, की मेंदू आतल्या आत हलतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. या तंतूंना आधार देणारं 'टाऊ' नावाचं प्रथिन मग सुटं होतं आणि मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचू लागतं. वर्षानुवर्षं ते पसरत जातं. स्मरणशक्ती, राग आवरण्याची ताकद आणि निर्णयक्षमता यांवर परिणाम होतो.

हेल्मेटचं काय? हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आतल्या मेंदूचं हलणं थांबवू शकत नाही.

मुष्टियोद्ध्यांमधला असा आजार डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवला होता. फुटबॉलपटूंबाबत मात्र तो २००२ नंतर पुढे आला. माइक वेबस्टर या खेळाडूचा मेंदू पिट्सबर्गमध्ये नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला आणि २००५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एनएफएलच्या वैद्यकीय समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली! अखेर २०१६ मध्ये संघटनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसपुढे हा संबंध मान्य केला.

आकडे नीट वाचूया

२०१७ मध्ये बोस्टनच्या गटाने एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले. त्यांतल्या ११० मध्ये सीटीई आढळला. म्हणजे प्रत्येक खेळाडूला हा आजार होतो का? नाही. ज्यांच्या घरच्यांना त्रास जाणवला होता, त्यांनीच बहुधा मेंदू दान केले, त्यामुळे हा आकडा सर्व खेळाडूंना लावता येत नाही. तसंच ड्युअरसन यांच्या मृत्यूचं सगळं कारण सीटीईवर ढकलणंही योग्य नाही. दिवाळखोरी, एकटेपणा, नैराश्य अशा अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. शिवाय सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

संशोधनातून एक गोष्ट मात्र ठळकपणे पुढे आली. धोका फक्त शुद्ध हरपवणाऱ्या मोठ्या धडकेत नसतो. लक्षणं न दिसणारे शेकडो छोटे मार वर्षानुवर्षं साचत जातात, आणि जितकी वर्षं खेळ, तितका धोका जास्त. सेफ्टीच्या जागी अकरा मोसम खेळणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• मुलगा किंवा मुलगी मुष्टियुद्ध, कुस्ती, कबड्डी, फुटबॉल काहीही खेळत असो, डोक्याला मार लागून गरगरलं, गोंधळल्यासारखं झालं किंवा अंधारी आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. शुद्ध हरपलेली असो वा नसो.

• एक-दोन दिवस विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने हालचाल, आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच खेळ. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा लागला तर तो जास्त घातक ठरतो.

• वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून जागं न होणं, फीट येणं, हातापायांत अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं : यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालयात जा.

• डोक्याला मार लागल्यानंतर कुणाचा स्वभाव बदलला, चिडचिड किंवा निराशा वाढली, तर "नाटकं करतोय" म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. जगणं नको असं कुणाला वाटत असेल, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

मुलांना खेळू द्याच, मैदानासारखं औषध नाही. फक्त डोक्याला लागलं तर त्या दिवसाचा सामना सोडून द्यायला त्यांना शिकवा, आणि तसं सोडून आल्यावर त्यांना भित्रं म्हणू नका.