आकड्याची वाट पाहणारी माणसे

रक्ततपासणीचा कागद हाती आला की तुम्हीआम्ही आधी आकडा पाहतो. मग तो बरा की वाईट, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ताडतो. एचआयव्हीच्या बाबतीत असाच एक आकडा कित्येक वर्षे माणसांना ‘अजून थांबा’ असे सांगत आला. त्याचीच ही हकीकत.

हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या सुमारे ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली उतरल्या की नाना रोगांना घर मोकळे होते. साध्या तापानेही हा आकडा खालीवर होतो, म्हणून एकाच कागदावर भिस्त ठेवू नये. दुसरा आकडा रक्तातील विषाणूंचा. जॉन कॉफिन या शास्त्रज्ञाने दोहोंची सांगड आगगाडीच्या दृष्टान्ताने घातली: विषाणूंची संख्या हा गाडीचा वेग, आणि सीडी-४ हे अपघाताच्या जागेपर्यंतचे उरलेले अंतर.

मग गाडी लगेच का थांबवू नये? १९८७ साली एझेडटी हे पहिले औषध आले; पण ते लवकर दिल्याने टिकाऊ लाभ होत नाही, असे १९९३ च्या ‘काँकॉर्ड’ चाचणीत दिसले. १९९६ पासून तीन औषधांचा उपचार रूढ झाला. त्याने मरणाऱ्यांना उठवून बसवले खरे, पण मूठभर गोळ्या आणि त्यांचे दुष्परिणाम पाहून डॉक्टर पुन्हा सबुरीचा सल्ला देऊ लागले. शिवाय किंमत! वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरातली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली, तेव्हा गरीब देशांची आशा पालवली.

१ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत औषधे सुरू केली. लक्षणे नसलेल्यांसाठी रेघ मात्र २०० वर. म्हणजे ज्याचा आकडा ३०० आला, त्याने घरी जावे आणि तो उतरण्याची वाट पाहावी. ही रेघ शरीराने आखलेली नव्हती. त्या काळच्या औषधांनी आणि तिजोरीने आखली होती, असे मला वाटते. पुढे ती ३५० वर गेली, मग ५०० वर.

२००९ साली ‘स्टार्ट’ चाचणी सुरू झाली. ३५ देशांतील ४६८५ माणसे, सर्वांचा आकडा ५०० च्या वर. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांनी ३५० पर्यंत थांबायचे. २०१५ मध्ये हिशेब मांडला, तो असा: गंभीर आजार किंवा मृत्यू लगेच सुरू करणाऱ्यांत ४२ जणांना, थांबलेल्यांत ९६ जणांना. त्यातले बहुतेक आघात आकडा ५०० च्या वर असतानाच झाले होते! त्याआधी, २०११ मध्ये, पुण्यातील जोडपीही सामील असलेल्या दुसऱ्या एका चाचणीने दाखवले होते की, लवकर औषध घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रेघच पुसली. भारताने २०१७ मध्ये. आता निदान झाले की औषध. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल, तर तेवढे काही आठवडे आधी त्यावर इलाज करतात. सीडी-४ ची तपासणी आजही होते, पण ती उशिरा आलेल्या रोग्याला आणखी कोणत्या रोगांपासून जपायचे, हे ठरवण्यासाठी.