शंभरातून सात

शंभरातून सात गेले, किती उरले? त्यातून पुन्हा सात? विसरायला लागलेल्या आजीला मीरा रोड-भाईंदरमधल्या एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, की बहुधा हा प्रश्न येतोच. सोबत आजची तारीख, वार, आपण कितव्या मजल्यावर आहोत, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या. बाहेर आल्यावर मुलगा दहावीच्या निकालासारखं विचारतो, तीसपैकी किती?

या प्रश्नपत्रिकेचं मूळ जर्मनीत सापडतं. नोव्हेंबर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. त्याच्यावरचा संशय, घरातल्या वस्तू कुठेही लपवणं, रात्री-अपरात्री आरडाओरडा, असं सगळं सुरू झालं होतं. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिच्यासमोर पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार धरले. तिने नावं बिनचूक सांगितली. थोड्या वेळाने विचारलं, काय काय दाखवलं? काहीच आठवेना. दुपारी ती डुकराचं मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खाताय म्हटल्यावर उत्तर आलं, पालक. अल्झायमर हे सगळं शब्दश: टिपत गेले. वस्तू दाखवायची, मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा विचारायचं, ही आजच्या चाचणीतली युक्ती त्या टिपणांत जशीच्या तशी आहे. ऑगस्टे 1906 मध्ये वारली. तिच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जे साठे आणि गुंते दिसले, ते अल्झायमर यांनी त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले. 1910 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. तिची फाईल मात्र हरवली, ती थेट 1995 मध्ये हाती लागली.

पुढची साठेक वर्षं अल्झायमर हा पन्नाशीतल्या माणसांचा दुर्मीळ आजार समजला गेला. सत्तरीतला विसर म्हणजे वयच झालं, अशी समजूत तिकडेही होती आणि आपल्याकडच्या 'साठी बुद्धी नाठी'तही तीच आहे. 1968 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्या माणसांना जिवंतपणी प्रश्न विचारून गुण दिले आणि मृत्यूनंतर मेंदूतले साठे मोजले. साठे जास्त तिथे गुण कमी निघाले. प्रश्नांचं वजन वाढलं ते तेव्हापासून. त्यांच्या यादीत पहिलं महायुद्ध कधी झालं हाही प्रश्न होता. इंग्लंडच्या आजोबांना तो सोपाच असणार.

शंभरातून सातची तीस गुणांची प्रश्नपत्रिका आली 1975 मध्ये. अमेरिकेतले मार्शल आणि सुझन फोल्स्टीन हे दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनी ती बनवली. पाच-दहा मिनिटांत उरकते, यंत्र लागत नाही, म्हणून जगभर गेली. पुढे तिचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि प्रत्येक कागदाला पैसे पडू लागले. वजाबाकीवरही स्वामित्वहक्क!

आपल्याकडे ती जशीच्या तशी चालेना. शाळा न पाहिलेल्या माणसाला वाक्य लिही कसं म्हणणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हिंदीत नव्याने घडवली. 1995 मध्ये ती छापून आली. 'डोळे मिटा' हे वाचून तसं करण्याऐवजी, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. घड्याळातल्या वेळेऐवजी, सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? आठवड्याचे वार उलटे म्हणा. मजल्याच्या जागी गाव आणि पोस्ट. भारतातल्या अलीकडच्या मोठ्या पाहणीतही हीच हिंदी प्रश्नपत्रिका वापरली गेली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे.

मीरा-भाईंदरला मात्र तीही पुरत नाही, असं मला वाटतं. ही महानगरपालिका झाली 28 फेब्रुवारी 2002 ला. त्याआधी नगरपरिषद, त्याही आधी ग्रामपंचायती. शहर कुठलं म्हटल्यावर उत्तनची कोळीण उत्तनच सांगणार. टॉवरमध्ये राहायला आलेले आजोबा मुंबई म्हणतील, कारण तीस वर्षं पास चर्चगेटचाच होता. जिल्हा ठाणे, हे त्यांच्या तोंडी आलं नाही तर बिघडलं काय? तारखेचंही तेच. जिने जन्मभर उधाण आणि भांगाच्या भरतीवर बाजार केला, तिला इंग्रजी तारीख चुकली तरी अष्टमी चुकणार नाही. हे गुण कुठे लिहायचे?

बल्लभगडच्याच मंडळींनी यावर तोड काढली होती: घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली. नुकतंच जेवण झालंय हे विसरतात का? गावातल्या गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का? घरातल्या लग्नकार्यात मत देतात का? इथे शाळा आडवी येत नाही. पूर्वी जमत होतं ते आता जमेनासं झालंय का, एवढाच मुद्दा. माझ्या मते सुनेचं हे उत्तर सातच्या वजाबाकीपेक्षा मोलाचं असतं.

गुण कमी आले म्हणजे अल्झायमरच, असंही नाही. बी-12 कमी असणं, थायरॉईड, नैराश्य, नुसतं ऐकू न येणं, एवढ्यानेही गुण घसरतात, आणि यातलं बरंचसं सुधारतं. तेव्हा दवाखान्यात जाताना चष्मा, कानाचं मशीन आणि चालू गोळ्यांची पाकिटं आधी पिशवीत टाका. रिक्षात बसल्या बसल्या आजीकडून तारीख पाठ करून घेणारे नातू असतात, त्यांना मात्र पुढच्या सीटवर बसवा.