भाग २३ : फरारबाईंची शाळा आणि नगरच्या मुली

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की नगरमध्ये मुलींच्या शाळा नेमक्या कधी सुरू झाल्या. आज तेच बोलू. पण शाळा कोणी काढली यापेक्षा मला जास्त उत्सुकता दुसऱ्याच गोष्टीची आहे. त्या शाळेत मुलगी पाठवायची की नाही, हे घरात ठरवलं कसं असेल?

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली. नगरला त्यांचं ठाणं झालं १८३१ च्या शेवटी. सिंथिया फरार या बाई १८२७ मध्ये अमेरिकेतून निघाल्या, तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या आणि अविवाहित. मिशनऱ्याची बायको म्हणून नव्हे, तर शिक्षिका म्हणून बाईला एवढ्या लांब पाठवणं हीच तेव्हा नवलाई. सुरुवातीला मुंबईतल्या मुलींच्या शाळा त्यांनी सांभाळल्या, तब्येतीमुळे मध्ये मायदेशी गेल्या, आणि १८३९ पासून नगरला राहिल्या त्या १८६२ मध्ये मरेपर्यंत.

आता पालकांच्या बाजूने बघा. मुलगी शिकली तर नवरा मरतो, असं उघड बोललं जायचं. दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न, म्हणजे शिकायला वर्षं मिळणार ती चार-पाच. शाळेत वाचन, लेखन, थोडं गणित, शिवणकाम. आणि त्याबरोबर ख्रिस्ती धर्माचे पाठ. ते ऐच्छिक वगैरे नव्हते, शाळा मुळात त्यासाठीच होती. बाटण्याची भीती काल्पनिकही नव्हती. १८३९ मध्येच नगरला हरिपंत खिस्तींसारख्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला होता. शहर लहान, बातमी घराघरांत. म्हणजे मुलगी शाळेत घालणं हा जातीबाहेर पडायचा धोकाही होता. तरी काहींनी घातली. का? कारण दुसरी शाळाच नव्हती! आपण आज फी, बस, बोर्ड असं तुलनेचं एक्सेल करतो. त्यांच्या एक्सेलमध्ये एकच ओळ होती.

१८४८ मध्ये एकवीस वर्षांचे जोतीराव फुले आपल्या गोवंडे नावाच्या मित्राबरोबर नगरला आले आणि त्यांनी ही शाळा पाहिली. ते स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचं शिक्षण मध्ये थांबलं होतं. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांना, गोविंदरावांना, समजावलं, तेव्हा ते परत शाळेत गेले. एका माळ्याच्या मुलाच्या शाळेसाठी एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती रदबदली करतात, हे मला फार आवडतं.

नगरहून परतल्यावर त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतलं, असं चरित्रकार सांगतात. आमच्या भाषेत सांगायचं तर जोतीरावांनी फोर्क केला. वर्ग, शिक्षिका, मुलींना घरातून बाहेर आणणं हे सगळं ठेवलं, आणि धर्मप्रचाराचं मॉड्यूल काढून टाकलं. पण असं काढता येतं हे कळायला आधी चालू असलेली शाळा डोळ्यांनी बघावी लागते. ती नगरला होती.

फरारबाई कितीही जीव लावून शिकवत असल्या, तरी शाळेचं धोरण ठरत होतं बोस्टनमध्ये. १८५४-५५ मध्ये तिथल्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शाळा प्रचाराच्या कामाला उपयोगी असेल तेवढीच चालवायची, शिक्षण मराठीतून, इंग्रजी नको. मराठीतून शिकवणं चांगलंच. पण इंग्रजी म्हणजे नोकरी हे पालकांना तेव्हाही कळत होतं. शाळेच्या भिंती, बाई, फळा आवडला तरी पैसे कोण देतो आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच. माझी ताई सध्या मुलीसाठी शाळा बघतेय, एक संस्था धार्मिक आहे. मी तिला एवढंच म्हणालो, 'प्रार्थना कोणती म्हणतात ते विचार, पण ट्रस्टी कोण आहेत ते आधी विचार.'

धर्माचे पाठ घेऊन मुलींच्या डोक्यात काय तयार झालं, हे संस्थेच्या हातात राहत नाही. हरिपंत खिस्तींची मुलगी कृपाबाई १८६२ मध्ये नगरलाच जन्मली. पुढे मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेली आणि 'सगुणा' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. आणि फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे पत्र मिशनचं, १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेलं. त्यात ती देवालाच विचारते की वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता? मिशनच्या पत्राने हे छापलं, त्यात त्यांचा हेतू असणारच. पण प्रश्न मुक्ताचा होता.

त्या निबंधावर पूर्ण एक भाग करायचा आहे. पुढच्या वेळी तोच घेऊ. तोपर्यंत, तुमच्या आजी-पणजीपैकी कोणी नगरच्या मिशन शाळेत शिकली असेल, तर जरूर कळवा.