लहानपणीचा संपर्क, चाळिशीतला कॅन्सर: संबंध किती खरा?

मिरचीवर फवारणी चालू असताना बांधावर खेळणारी पोर. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली पोर. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पण तिला पुढे कॅन्सर झाला, तर त्याचा धागा लहानपणापर्यंत जातो का?

काही बाबतींत जातो. हे १९७१ साली बोस्टनमध्ये ठळकपणे दिसलं. तिथे ८ तरुणींना योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कॅन्सर झाला होता. त्यातल्या ७ जणींच्या आयांनी गरोदरपणात, गर्भपात टळावा म्हणून, डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलं होतं. म्हणजे औषध आईने घेतलं आणि आजार लेकीला झाला.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये वय फार महत्त्वाचं आहे. वयात येताना स्तनाच्या पेशी वेगाने वाढतात, त्यामुळे तेव्हाची इजा जास्त भोवते. हिरोशिमा-नागासाकीत किरणोत्सर्ग सोसलेल्यांपैकी विशीच्या आतल्या मुलींना पुढे सर्वाधिक धोका आढळला.

फवारणीचं काय? कॅलिफोर्नियातल्या बायकांचं १९५९ ते १९६७ दरम्यानचं रक्त जपून ठेवलेलं होतं. ते तपासून २००७ मध्ये निष्कर्ष आला: १४ वर्षांच्या आत डीडीटीशी संबंध आलेल्या आणि रक्तात ते जास्त असलेल्या बायकांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे पाचपट. १९४५ च्या सुमारास डीडीटी सर्रास वापरात आलं, तेव्हा १४ पेक्षा मोठ्या असलेल्यांत असा संबंध दिसला नाही. अभ्यास लहान होता, १२९ रुग्णांचाच, हे मात्र फॉरवर्ड करताना कुणी सांगत नाही. शिवाय भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्येच बंद झालं. आजची कीटकनाशकं वेगळी आहेत, त्यांना हा आकडा चिकटवता येत नाही. तरी फवारणीच्या दिवशी पोरांना शेतापासून लांब ठेवायला पाचपटीचा पुरावा लागत नाही.

चुलीच्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलंय, मुख्यतः फुप्फुसासाठी. मिश्रीबद्दल ‘बहुधा’ नाही. धूररहित तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे सिद्ध आहे. ती सवय अनेकींना आजीच्या डबीतून लहानपणीच लागते.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण तर जवळपास नेहमी एचपीव्ही हा विषाणू. तो शरीरसंबंधातून येतो, म्हणून बालविवाह हा इथे थेट आरोग्याचा प्रश्न आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ चा. म्हणजे लहानपणी काय झालं ते बदलता आलं नाही, तरी तिशीनंतरची तपासणी जीव वाचवते.

मुलींसाठी लस आहे. ९ ते १४ हे तिचं योग्य वय, म्हणजे शाळेतलं. या वयात एक डोसही चालतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. पुण्यातल्या सीरमची ‘सर्वाव्हॅक’ २०२३ मध्ये आली.